उत्तरेकडची खिडकी

आमच्या वन्संचे कान फार तिखट. शेजारच्या घरात भांडं आपटलं की हातातलं काम न थांबवता त्या म्हणतात, "हे भांडं घासण्यातलं नाही, बोलण्यातलं आहे." आणि संध्याकाळपर्यंत त्या घरातल्या रुसव्याची बातमी जिना उतरून आमच्याकडे येतेच.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी गेली. नळाला पाणी नाही म्हणून आलेला माणूस तिथे शेवटी सुनेची तक्रार सांगून जायचा, आणि त्या ऐकायच्या. निवृत्त झाल्यावर घरात बसून करणार काय? आमच्या घरात तेवढी भांडणं नव्हती. मग त्यांनी रीतसर शिक्षण घेतलं आणि मध्यस्थी केंद्रात जायला लागल्या. ज्यांना दिवाणी दाव्याच्या तारखांमध्ये आयुष्य घालवायचं नाही, ते लोक तिथे येतात. सामाईक भिंत, भाड्याची जागा, भागीदारी, वाटेचा हक्क, असले वाद. मध्यस्थ निकाल देत नाही. दोघांना बोलतं करतो आणि त्यांचा तोडगा त्यांच्याकडूनच काढून घेतो.

"बाहेर मध्यस्थ आणि घरात फौजदार," आमचे हे म्हणायचे. "ताई, तुझ्यापुढे कोर्ट परवडलं. तिथे वकील तरी देतात."

"तू आधी ओला टॉवेल पलंगावरून उचल," वन्सं म्हणायच्या, "मग अपिलात जा."

केंद्र एका ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. मधे मोठी खोली, दोन्ही बाजूंना दोन लहान. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा सगळं पाहिलं. मोठ्या खोलीत गोल टेबल आणि एकसारख्या खुर्च्या. त्यातली एक करकरायची. तीवर बसलेला माणूस हलला की आपणच खोटं बोलतोय असं वाटून ओशाळतो, म्हणून वन्संनी ती स्वतः उचलून जिन्याखाली नेऊन ठेवली होती. असं त्यांचं बारीक लक्ष.

कामाची पद्धत त्यांनी मला भाजी निवडता निवडता सांगितली होती. आधी दोघांना समोरासमोर बसवायचं आणि मनातली वाफ जाऊ द्यायची. मग एकेकाला लहान खोलीत नेऊन एकटं ऐकायचं. तिथे बोललेलं त्याच्या परवानगीशिवाय पलीकडच्या खोलीत जायचं नाही. शिकवलेली पद्धत इथवर होती. वन्संची स्वतःची त्यात एक भर होती. "यातलं काय पलीकडे नेऊ?" हे त्या बसताना विचारायच्या आणि उठताना पुन्हा विचारायच्या.

"दोनदा कशाला?" मी म्हटलं होतं.

"अगं, बसताना माणूस मुठी आवळून बसलेला असतो. काही नेऊ नका म्हणतो. बोलता बोलता बोटं सुटतात. उठताना विचारलं की म्हणतो, बरं, एवढं सांगा त्याला. आणि मिटतं ते त्या एवढ्यावरच."

केंद्रातलं काही त्या घरी बोलत नसत. पुढचं सगळं मला नंतर कळलं, वन्सं आणि वादातली ती दोघं, अशा तिघांच्याच तोंडून, थोडं थोडं. सोयीसाठी मी ते सलग लिहिते आहे.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक ड्रायक्लीनिंगचं बैठं दुकान आहे. त्याला लागून असलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक रफू करणाऱ्या बाई राहतात. एकट्याच. दुकानात धुवायला आलेल्या कपड्याला भोक असेल, जळकी जागा असेल, तर दुकानाचे मालक तो कपडा या बाईंकडे पाठवायचे. कित्येक वर्षं असं चाललं होतं. बाईंच्या हाताला तोड नव्हती. शिवणीच्या आतून त्याच कपड्याचे धागे काढून त्या भोकावर असं विणायच्या, की भोक कुठे होतं ते ज्याचा कपडा त्यालाच दाखवता येऊ नये. लोक गमतीने म्हणायचे, यांच्याकडे कपडा दिला की पुरावा नष्ट होतो.

बाईंच्या खोलीला उत्तरेकडे एकच मोठी खिडकी होती. ती मालकांच्या दुकानाच्या गच्चीवर उघडायची. मालकांना त्या गच्चीवर खोली बांधायची होती, आणि खोलीची भिंत नेमकी खिडकीसमोर येत होती. बाईंनी बांधकाम थांबवायचा दावा टाकला. दोघांचे वकील समजूतदार निघाले. म्हणाले, आधी मध्यस्थीला जाऊन या.

मोठ्या खोलीत त्या दिवशी खूप शब्द झाले.

"माझ्या जागेत मी काय बांधायचं, ते ताई ठरवणार का?" मालक म्हणाले.

"ताई म्हणायचं आणि तोंडावर भिंत चढवायची," बाई म्हणाल्या.

"तोंडावर नाही हो, खिडकीवर! आणि त्या खिडकीतून बघता तरी काय तुम्ही? माझी गच्ची? वाळत घातलेल्या चादरी?"

"काय बघते ते तुम्हाला कशाला? उजेडाचा माझा हक्क आहे."

"हे बघा मॅडम," मालक वन्संकडे वळले, "कारण विचारलं की हक्क. परत विचारलं की परत हक्क."

वन्संनी बाईंना डाव्या हाताच्या लहान खोलीत नेलं आणि बसताना विचारलं, "यातलं काय पलीकडे नेऊ?"

"एक अक्षर नाही," बाई म्हणाल्या. "शपथ घ्या आधी."

मग त्यांनी सांगितलं. डोळ्यांच्या आतला पडदा झिजत चालला होता. शस्त्रक्रियेने सुधारेल असं डॉक्टर म्हणत नव्हते. हात अजून आपसूक चालायचा, भोक बोटांना कळायचं, पण रंग चकवायचे. शिवणीच्या आतला धागा बाहेरच्या कापडाएवढा विटलेला नसतो. त्यामुळे तो तसाच वापरला की डाग पडल्यासारखा दिसतो. त्यात दुसऱ्या छटेचे एकदोन धागे मिसळावे लागतात, आणि ती छटा त्यांना आता फक्त उत्तरेच्या त्या शांत, ऊन नसलेल्या उजेडातच कळत होती. दिव्याखाली तपकिरी आणि हिरवट एकच दिसायचं.

"आणि हे मी त्यांनाच कसं सांगू?" बाई म्हणाल्या. "माझं सगळं काम त्यांच्याच दुकानातून येतं. रफूवालीला दिसत नाही म्हटल्यावर कोण कपडा देईल?"

मग उजवीकडच्या खोलीत मालक बसले. त्यांनाही वन्संनी बसताना विचारलं. तेही म्हणाले, काही नेऊ नका. पण बोलता बोलता म्हणाले, मिस्त्रीने आधी एक वेगळा नकाशा काढला होता. जिना खिडकीच्या बाजूने उघडाच ठेवायचा. खोली जरा अरुंद झाली असती, पण खिडकीसमोर मोकळी जागा राहिली असती. "माझी ना नव्हती हो. पण ही बाई मागत नाही, हुकूम सोडते. एक सरळ कारण सांगितलं असतं तर जिना तिकडून घेतला असता. हे मात्र तिला सांगू नका, डोक्यावर मिऱ्या वाटेल."

म्हणजे कुलूप एका खोलीत होतं आणि किल्ली दुसऱ्या खोलीत. दोन्ही वन्संच्या हाती होती.

त्या दिवशी मोठ्या खोलीत केंद्राची शिकाऊ मंडळी बसली होती. दोन्ही बाजूंच्या संमतीने, फक्त समोरासमोरचं बोलणं ऐकायला. वन्संचं काम बघायला म्हणून त्यांना मुद्दाम आणलं होतं. प्रमुखांनी ओळख करून देताना सांगितलं होतं की यांच्या टेबलावरून कुणी न मिटवता उठत नाही. वन्सं हसून "काहीतरीच" म्हणाल्या होत्या. पण ते वाक्य त्यांच्या खांद्यावर बसलं ते बसलंच.

त्या पुन्हा बाईंकडे गेल्या. बाई दमल्या होत्या. जास्त ताणलं तर मालक कारणाच्या मागे लागतील, ही भीती मनात होती. त्या स्वतःच म्हणाल्या, "जाऊ दे. मला चांगले दिवे लावून द्यायला सांगा. भागवीन मी."

ते "भागवीन" तक्रारीच्या टेबलावर वन्संनी आयुष्यभर ऐकलं होतं. भागवीन म्हणजे भागणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण दाराच्या पलीकडे मंडळी वाट बघत होती. वन्सं म्हणाल्या, "नक्की ना?" बाई म्हणाल्या, "नक्की." आणि दोघी उठल्या. उठतानाचा प्रश्न विचारलाच गेला नाही, इकडे नाही आणि तिकडेही नाही.

करार झाला. दिव्यांची संख्या, कोणते, कोण बसवणार, सगळं त्यात आलं. शिकाऊ मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तिथे टाळ्या वाजवायची पद्धत नाही, पण वाजवल्या. वन्सं त्या दिवशी घरी आल्या त्या गाणं गुणगुणत.

पुढे एकदा कपाट उघडलं तर ह्यांच्या तपकिरी कोटाला कसर लागलेली. छातीवरच्या खिशाजवळ मसुराएवढं भोक. हा कोट म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. मी तो ड्रायक्लीनिंगला दिला आणि रफू करून द्या म्हणून सांगितलं. परत आला तेव्हा दुकानातल्या दिव्याखाली सुरेख दिसला. घरी आणून बाल्कनीत टांगला आणि बघते तर काय, खिशाजवळ हिरवट ठिपका! बारीक आणि सफाईदार, पण हिरवाच.

मला हसूच आलं. वन्सं चहा घेत होत्या. मी कोट घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. "बघा वन्सं, तुमच्या भावाच्या छातीवर शेवाळ उगवलंय! त्या बाईंच्या हाताला काय झालं कोण जाणे. मालकही कुरकुरत होते. म्हणे, ताई हल्ली कामात लक्ष घालत नाहीत, दुसरं कुणी शोधायला हवं."

वन्सं हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला. कोट घेऊन बाल्कनीत गेल्या, उजेडात धरला, मग आत आणून दिव्याखाली धरला, मग पुन्हा बाहेर. त्यांचा चेहरा असा झाला, जसा कुणी भर चौकात नाव घेऊन हाक मारल्यावर होतो.

"काय झालं हो?"

"काही नाही. मला विचारू नकोस."

आणि त्या खरंच बोलेनात. जेवायला बसल्या की घास नुसता फिरवायच्या. आमच्या ह्यांनी टॉवेल पलंगावर टाकला तरी चकार शब्द नाही. दोन दिवस बघून ह्यांनी मलाच बाजूला घेऊन विचारलं, "ताई आजारी आहे का गं? टॉवेल तसाच पडलाय."

एका सकाळी मी केर काढत होते, तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "समजा, एखाद्या मध्यस्थाने दोन माणसांचं मिटवलं. पण नीट मिटवलं नाही. त्याला ते माहीत आहे आणि त्या दोघांना माहीत नाही. तर त्याने काय करावं?"

"तुमच्या प्रमुखांना विचारा की."

"विचारलं. त्या म्हणाल्या, दोघांची सही आहे, कुणी तक्रार केलेली नाही, तू कशाला राख उकरतेस? बरोबरच आहे त्यांचं."

"मग?"

"बरोबर आहे, म्हणूनच झोप लागत नाही." मग म्हणाल्या, "तू तो कोट घेऊन माझ्याबरोबर चल. मला एकटीला जिना चढवणार नाही."

आम्ही गेलो. दुकानावर नवी खोली उभी होती, अजून गिलावा व्हायचा होता. बाईंच्या दारापाशी वन्सं मला म्हणाल्या, "तू इथे पायरीवर थांब." पण दार उघडलं आणि बाई म्हणाल्या, "त्या बाहेर कशाला? या, आत या."

खोली नीटनेटकी होती. एका दांडीवर चिठ्ठ्या लावलेले कपडे, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर गुंडाळलेले धागे, छटेप्रमाणे लावून ठेवलेले. खिडकीला पडदा होता. तो बाजूला सरकवला तर हात लांब केला की विटांना लागेल इतकी भिंत जवळ. छताला नवे दिवे लखलखत होते.

"दिवे छान आहेत हो," बाई म्हणाल्या. "ठरले होते अगदी तसेच बसवलेत." मग माझ्या हातातल्या कोटाकडे बघून म्हणाल्या, "हा माझ्याच हातचा. बिघडलाय ना?"

"छे हो, एवढं काही..." मी म्हटलं.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही. हिरवा दिसतोय का?"

मी मान हलवली. बाईंनी कोट घेतला, खिशावरून बोट फिरवलं. बोट बरोबर त्या जागी थांबलं.

वन्सं अजून उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "मी तुमची माफी मागायला आलेय. त्या दिवशी उठताना मी तुम्हाला पुन्हा विचारायला हवं होतं, यातलं काही त्यांना सांगू का म्हणून. मी दरवेळी विचारते. तुम्हाला विचारलं नाही."

बाई म्हणाल्या, "विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं."

"असेल."

"असेल नाही, नाहीच." त्यांनी कोट मांडीवर घेतला. "किंवा हो म्हटलं असतं. आता काय सांगू? दमले होते मी त्या दिवशी."

आणि मग, मी बसलेली असताना, त्यांनी डोळ्यांचं सगळं सांगून टाकलं. वन्सं मधे म्हणाल्या, "हिला मी काही सांगितलेलं नाही बरं का." बाई म्हणाल्या, "ते कळलं मला. ठाऊक असतं तर कोट घेऊन माझ्यासमोर आल्या नसत्या." खिडकी बुजल्यापासून रस्ता जागा व्हायच्या आधी त्या धागे घेऊन खाली उतरायच्या आणि फाटकाशी उभं राहून उजेडात रंग जुळवायच्या, पण तो अर्धवट उजेड पुरायचा नाही. पेपर टाकणारा रोज विचारायचा, "मावशी, काय हरवलं?" त्या रोज म्हणायच्या, "सुई." शेवटी एक दिवस तो बिचारा लोहचुंबक घेऊन आला.

सांगताना त्या हसल्या. आम्हा दोघींना हसता येईना.

"मालकांनी कपडे परत पाठवायला सुरुवात केलीय," बाई म्हणाल्या. "सांगितलं तर काम जाईल, आणि न सांगितलं तरी जाणारच. मग निदान मी सांगून जाऊ दे." त्या उठल्या आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली, "मालक, जरा वर या!"

मालक आले. हातात कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्या, कानावर पेन. वन्संना बघून चपापले. "अरे, मॅडम? आता आणखी काय? सगळं मिटलं ना?"

"बसा," बाई म्हणाल्या, आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. डोळे, धागे, उजेड, कोट.

मालक उठून खिडकीशी गेले. हात बाहेर काढून आपल्याच भिंतीला लावला.

"एवढंच होतं?" ते म्हणाले. "अहो ताई, एवढंच होतं तर... मी यांना त्याच दिवशी म्हटलं होतं, कारण सांगितलं तर जिना या बाजूने घेतो. नकाशा तयार होता."

बाईंनी वन्संकडे बघितलं. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

वन्संना नियमामागे लपता आलं असतं. दोघांनीही सांगू नका म्हटलं होतं, हे खरंच होतं. मला वाटलं त्या तेच म्हणतील.

"होतं," वन्सं म्हणाल्या. "आणि नियम काही आड आला नव्हता. तुमचं कारण न सांगताही मला यांना टेबलावर विचारता आलं असतं, जिना कुठून घेताय म्हणून. तेवढ्याने झालं असतं. मी विचारलं नाही. तुम्ही हो म्हणालात आणि मी तो हो झडप घालून घेतला. बाहेर मंडळी बसली होती. मला त्यांच्यापुढे करार न्यायचा होता."

मालकांनी कानावरचं पेन काढलं, पुन्हा लावलं. मला वाटलं, आता तरी कुणीतरी रागवावं. नुसतं "असं कसं केलंत" तरी म्हणावं. पण त्या दोघांनी वन्संकडून नजर काढली आणि एकमेकांकडे वळवली. जसं काही गाडी चुकल्यावर लोक घड्याळाकडे बघायचं सोडून देतात.

"ही भिंत आता पाडता येईल का?" बाई म्हणाल्या.

"नाही ताई. वरचा स्लॅब तिच्यावर टेकलाय." मग मालक जरा चिडूनच म्हणाले, "पण मला आधी सांगायला काय झालं होतं? एवढी वर्षं कपडे देतो."

"म्हणूनच नाही सांगितलं. कपडे देता म्हणून. सांगितलं असतं तर काढून टाकलं नसतंत?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "टाकलंही असतं."

"बघा."

"आता नाही टाकत. माझ्या दुकानाला समोर काच आहे. रस्ता रुंद आहे, ऊन येत नाही पण उजेड चांगला येतो. तिथे कोपऱ्यात बसा."

"दुकानात? गिऱ्हाइकांसमोर? कापड नाकाशी धरून?"

"मग काय झालं? घड्याळवाला नाही बसत डोळ्याला भिंग लावून? त्याला कुणी आंधळा म्हणतं?"

"तुमचा तो पंखा बंद ठेवावा लागेल. धागे उडतात."

"पंखा चालणार. इस्त्रीपाशी माणूस शिजतो. तुम्ही धाग्यांवर वजन ठेवा."

"वजन ठेवलं की धागा चेपतो. तुम्हाला काही कळतं का त्यातलं?"

"बरं, पंखा तोंड फिरवून ठेवू. आता तरी?"

असं त्यांचं चाललं होतं. खुर्ची कुठली, सकाळी किती वाजता, गडद रंगाचे कपडे आधी की फिके आधी. वन्सं शेजारच्या स्टुलावर बसून होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मग ती दोघं काच बघायला म्हणून खाली निघाली. जाता जाता बाई मला म्हणाल्या, "कोट राहू दे इथेच. आणि येताना दार ओढून घ्या हं."

त्या दिव्यांच्या लखलखाटात आम्ही दोघीच उरलो.

"झालं ना चांगलं?" मी म्हटलं.

"झालं," वन्सं म्हणाल्या. "चल."

चांगलं झालं म्हणावं, तर ते पुरतं झालं नाही. बाई दुकानाच्या काचेपाशी बसू लागल्या. कोट त्यांनी उसवून नव्याने केला आणि तो आता असा आहे की मलाही भोकाची जागा सांगता येत नाही. मालक शब्दाला जागले. पण काचेआडून लोकांना सगळं दिसतं. कपडा नाकाशी धरलेली बाई बघून एकीने आपली भारी शाल तशीच उचलून नेली, आणि "यांना दिसत नाही वाटतं" हे बाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलून गेली. मग आणखी कुणी, मग आणखी. बरेचजण टिकले, पण काम पूर्वीएवढं राहिलं नाही. आपल्या खोलीत खिडकीशी बसून, दार लावून, कुणाला कळू न देता त्या आणखी काही वर्षं सहज काढणार होत्या. ते गेलं ते गेलंच.

वन्सं केंद्रात जातात. शिकाऊ मंडळींना त्यांनी स्वतः बोलावून, कुणाची ओळख न देता, आपण काय केलं ते सांगितलं. एकजण म्हणाला म्हणे, "पण मॅडम, करार तर झाला होता." घरी त्यांचा दरारा परत आला आहे, टॉवेल पुन्हा उचलले जातात. फक्त बाजारात जाताना त्या पलीकडच्या फुटपाथने जायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "इकडे सावली असते." ढग आलेले असले तरी सावलीच.

गेल्या आठवड्यात दुपारी त्या अचानक साडी बदलून बाहेर पडल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या. चपला काढून ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"त्यांच्याकडे जाऊन आले," त्या म्हणाल्या. "आज दुकान बंद असतं, त्या घरीच होत्या."

मी गॅस बारीक केला. "मग? काय म्हणाल्या?"

"काही नाही. मी सगळं बोलायचं ठरवून गेले होते. त्या शालवालीबद्दलही ऐकलं म्हणून सांगणार होते. वाटलं, आज तरी तोंडावर चार शब्द सुनावतील आणि मी ऐकून घेईन. त्यांनी खुर्ची दिली. चहा केला."

"आणि?"

"साखर जास्त झाली का, विचारलं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हटलं." वन्संनी नळ सोडला आणि उगाच हात धुऊ लागल्या. "झाली होती गं. फार झाली होती. डबा नीट दिसला नसेल त्यांना. पण मी सगळा प्यायले, आणि काही न बोलता उठून आले."